झोपड्यांचा दरबार

आम्ही लष्कर, म्हणजे ग्वाल्हेरचं आमचं शहर, सोडलं त्या सकाळी बैलगाडीत जागा थोडी होती आणि वाद मोठा होता. आईला जातं आणि लोणच्याची बरणी न्यायची होती. तात्यांना, म्हणजे माझ्या वडिलांना, दरबारी पोशाखाची ट्रंक न्यायची होती. शेजारच्या घरात उंदीर मरून पडले होते, गल्लीतली निम्मी किवाडं बंद झाली होती, पलीकडच्या माडीवरून कुणाच्या तरी रडण्याचा आवाज येत होता, आणि आमच्या दारात लाल अंगरख्याचं काय करायचं यावर खल चालला होता.

"रानात कुठला दरबार भरणार आहे?" आई म्हणाली.

"पोशाख सरकारचा आहे," तात्या म्हणाले. "तो उंदरांच्या हवाली करून मला जाता येणार नाही."

जातं राहिलं, ट्रंक गाडीत चढली. मग आई कुलूप लावता लावता परत आत गेली. देवघरात समई लावून, संध्याकाळपर्यंत पुरेल इतकं तेल घालून बाहेर आली. दिवेलागणीला घर काळोखात राहायला नको, असं तिचं म्हणणं.

"आग लागेल," तात्या म्हणाले.

"लागू दे. उंदीर तरी मरतील."

उंदीर आपणहूनच मरत होते आणि आम्ही पळत होतो ते त्याचमुळे, हे तिला सांगण्यात अर्थ नव्हता. प्लेगच्या दिवसांत शहाणपणाला फारसं गिऱ्हाईक नसतं.

तात्या दरबारात चोपदार होते. तुम्हा नातलगांपैकी जे लष्करातच राहिलात त्यांना हे सांगायला नको. जे पुण्याला, इंदूरला, कुणी थेट आफ्रिकेला गेलात, त्यांच्या मुलांसाठी सांगतो. चोपदारानं छडी घेऊन उभं राहायचं आणि मानकरी आत आला की त्याचं नाव, गाव, घराणं, किताब अशा आवाजात पुकारायचे, की त्या माणसाला स्वतःविषयी काहीतरी नवीन कळल्यासारखं वाटावं. किताब लांब आणि मानकरी आखूड, असं बहुतेक वेळा असे. मी तेव्हा लष्करातल्याच गोरखी भागातल्या शाळेत नुकताच मास्तर झालो होतो. हाताला लागेल ते इंग्रजी पुस्तक वाचत होतो आणि वडिलांच्या कामाविषयी माझं मत काही फार आदराचं नव्हतं. एक माणूस दुसऱ्याचं नाव तिसऱ्याला ओरडून सांगतो, आणि ते तिघांनाही आधीच ठाऊक असतं. यासाठी पगार का मिळावा, हे मला कळत नसे.

गाडीत आमच्याबरोबर समोरच्या घरातल्या भागीरथीकाकू होत्या. त्या विधवा, मूलबाळ नाही. त्या आणि आई दोघी मुरारच्या, छावणीबाहेरच्या एकाच गल्लीत वाढलेल्या. लग्नात आईचं नाव बदलून सगुणा ठेवलं होतं, पण तेही कुणी घेत नसे. तात्यांची ती 'अगं' होती, माझी आई, गल्लीची चोपदारीणबाई. माहेरचं नाव घेऊन तिला हाक मारणारं अख्ख्या लष्करात एकच माणूस होतं. गाडी नाल्यावरून गचका खाऊन उतरली तेव्हा काकू म्हणाल्या, "चंपे, आपण माहेरी चाललोय की गं!" आणि त्या दोघी हसल्या. त्या हसण्यानं गाडीवान दचकून मागे वळून पाहू लागला, कारण त्या आठवड्यात कुणी हसलेलं त्यानं ऐकलं नसावं.

आमचं घराणं दक्षिणेतून तलवार घेऊन आलं असं तात्या सांगत. तलवार कुठे गेली ते कधी सांगत नसत. त्या पूर्वजांनी शेकडो कोस तुडवले असतील. आम्ही लष्करपासून मुरारच्या अलीकडच्या माळावर गेलो, फार तर दोन कोस. पण ते निघाले तेव्हा त्यांना पुढे काहीतरी मिळायचं होतं. आम्हाला फक्त मागचं चुकवायचं होतं. आणि ते मागचं आपल्याच गाठोड्यात बसून बरोबर आलं नसेल, याची खात्री आमच्यापैकी एकालाही नव्हती.

माळावर तुराट्यांच्या आणि गवताच्या झोपड्या उभ्या केल्या होत्या. दोन झोपड्यांमध्ये एक गाडी फिरेल इतकं अंतर ठेवलेलं. कुणी कुणाच्या झोपडीत जायचं नाही, एकत्र बसायचं नाही, कुणाला ताप आला तर लपवायचं नाही, असे हुकूम होते. लांब, वाऱ्याच्या खालच्या बाजूला इस्पितळाचे तंबू होते. पहिल्या दिवशी एक बडे अधिकारी बग्गीतून आले. नाकाला अत्तराचा रुमाल लावून त्यांनी आम्हाला धीर धरायला सांगितलं, आणि लगेच परत गेले.

धीर धरण्यासाठी माणसाला दुसरं माणूस लागतं. ते मात्र हुकुमानं मना होतं.

त्या झोपड्यांतल्या भीतीविषयी मला नेमकं सांगता आलं पाहिजे, कारण तुमच्यापैकी अनेकजण तिथे होते आणि आपण नंतर कधीच त्याविषयी बोललो नाही. ती आरडाओरड्याची भीती नव्हती, गप्प भीती होती. पोरं खेळत नव्हती. बायका पाण्याला जायच्या त्या एकमेकींकडे न पाहता. प्रत्येकाचा हात अधूनमधून आपोआप काखेत जाई, गळ्याशी जाई आणि तिथे काही लागत नाही असं पाहून खाली येई. थोड्या वेळानं पुन्हा जाई. मी हे करताना मला कुणी पाहू नये म्हणून पुस्तक उघडून बसत असे. एखाद्या झोपडीतून सकाळी धूर निघाला नाही, तर शेजारचे विचारपूस करत नसत. ते आपली चूल उचलून आणखी दूर मांडत.

भागीरथीकाकूंना ताप भरला तो सकाळी. दुपारी डोली आली. तंबूकडे नेताना त्यांनी पडदा बाजूला केला आणि आमच्या झोपडीकडे पाहून म्हणाल्या, "चंपे, माझ्या तुळशीला पाणी घाल." तुळस लष्करात राहिली होती. आईनं मान हलवली. डोली गेली. काकू परत आल्या नाहीत.

त्याच सकाळी आईनं त्यांची वेणी घातली होती.

त्यानंतर आई हळूहळू आमच्यातून जायला लागली. तिला ताप नव्हता, गाठ नव्हती. सुरुवातीला ती राखेनं हात घासायची, कातडं सोलून निघेपर्यंत. मग तिनं आम्हाला जवळ येऊ देणं बंद केलं. "लांब बस रे. माझ्या हाताला लागलंय ते." मग जेवण कमी झालं आणि शेवटी पाण्याच्या घोटावर आलं. झोपडीच्या कोपऱ्यात भिंतीला, म्हणजे तुराट्यांना टेकून ती बसायची. "आई" अशी हाक मारली तर तोंड वळायचं नाही. हाक आपल्याला आहे हेच तिला कळेनासं झालं होतं.

डॉक्टर आले. भला माणूस होता, कितीतरी रात्री झोपला नसावा. त्यांनी तिचा हात पाहिला, डोळे पाहिले, बाहेर येऊन मला म्हणाले, "मास्टरजी, इनको प्लेग नहीं है. इनको डर है. और डर की दवा मेरे बक्से में नहीं."

"मग?"

"खिलाइए. बात कीजिए. ऐसे ही रहीं, तो बीमारी की ज़रूरत नहीं पड़ेगी."

मी बोललो. माझी बोलण्याची पद्धत मास्तराची. मी तिला समजावून सांगितलं की रोग स्पर्शानं येत नाही, उंदरांवरच्या पिसवांनी येतो. सरकारी पत्रक वाचून दाखवलं. त्यातली रोगाची लक्षणं ऐकून ती आणखी कोपऱ्यात सरकली आणि मी पत्रक चुलीत घातलं. तात्यांना तर यातलं काहीच जमेना. आयुष्यभर इतरांना मोठ्या आवाजात पुकारणारा हा माणूस घरात दोन वाक्यांपलीकडे बोलत नसे. ते तिच्यासमोर पेजेची वाटी ठेवायचे, "अगं, घे ना" म्हणायचे आणि ती निवली की उचलायचे.

आता जमादाराविषयी. रोज दिवेलागणीच्या आधी एक जमादार झोपड्यांवरून जाई आणि दारात काठी आपटून विचारी, "कितने?" आतून कुणीतरी आकडा सांगे. आकडा कमी झाला की शेजारी शहारत. आकडा तेवढाच राहिला तरी कुणाला विश्वास वाटत नसे, कारण आजारी माणसाला डोलीतून नेतील या भीतीनं लोक त्याला गोधडीखाली दडपून आकडा पुरा करत.

एके संध्याकाळी जमादार आमच्या दारात ओरडला, "कितने?" आणि तात्या बाहेर आले.

"जमादार, मेंढरं मोजताय का?"

"हुकुम है, चोपदारसाहेब."

"हुकूम असेल. रीत नाही ही. माणसाला नावानं पुकारतात." इतक्या दिवसांत पहिल्यांदाच तात्या कशावर तरी चिडले होते. "उद्यापासून मी येतो तुमच्याबरोबर."

त्यांच्या मनात लोकांचं दुःख हलकं करावं असं काही होतं, असं मी म्हणणार नाही. आज ते हयात असते तर त्यांनीही ते नाकारलं असतं. रिवाज मोडला जात होता, एवढंच त्यांना दिसत होतं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी ट्रंक उघडली. लाल अंगरखा, कमरपट्टा, पगडी. चांदीची छडी सरकारी कोठीत जमा होती, म्हणून झोपडीचा एक बांबू उपसून घेतला. त्या बाजूनं छप्पर आमच्या डोक्यावर कलतं झालं, ते शेवटपर्यंत तसंच राहिलं. मग मानाचा क्रम ठरवण्यात दुपार गेली. माळावर एक पेन्शनीत निघालेले सरदार होते, त्यांची झोपडी नेमकी सर्वांत शेवटी. त्यांना आधी पुकारायचं तर आधी तिकडे जायला हवं आणि मग बाकीच्यांसाठी परत यायला हवं. मी म्हटलं, तात्या, इथून ओळीनं जा, सगळे सारखेच मरताहेत. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी पुस्तक उघडलं.

आणि ते गेले. मावळतीच्या उजेडात तो लाल अंगरखा झोपड्यांमधून चालला होता, मागे जमादार, आणि मला शरमेनं आणि हसण्यानं कानकोंडं झालं होतं. टोकाला सरदारसाहेबांचा मान झाला आणि मग आवाज जवळ आला.

"निगाह रखो! सराफ्याचे रामदीन हलवाई, मय कुटुंब!"

गवताच्या झोपडीपुढे ती ललकारी. आतून काहीच आलं नाही. तात्या थांबले. दरबारात चोपदार थांबत नाही, पण तिथे माणूस समोर दिसत असतो. त्यांनी बांबू पुन्हा आपटला. "रामदीन हलवाई!"

आतून घाबरलेला आवाज आला, "जी... हाजिर हूँ."

"कुटुंब?"

थोडी गडबड झाली. मग हलवायाची बायको, मग पोरं, एकेक. "हाजिर." "हाजिर."

ते असे सगळ्यांना पुकारत गेले. किला गेटचे अमुक, गोरखीचे तमुक. जिथलं घर बंद करून आलो होतो तिथलं नाव प्रत्येकाला पुन्हा मिळत होतं. किताब नव्हते, पण तात्यांचा आवाज तोच होता. कुलपं लावलेली ती अख्खी गल्ली त्या आवाजानं संध्याकाळी माळावर आणून उभी केली. आणि प्रत्येक नावानंतर "हाजिर" आलं की शेजारच्या झोपडीतला श्वास सुटलेला मला ऐकू येई. एकमेकांकडे जायचं नाही असा हुकूम होता. एकमेकांना ऐकू नये असा नव्हता.

चार-सहा संध्याकाळी असं चाललं. मग एकदा रामदीनच्या दारात हाक दिली आणि उत्तर आलं नाही. पुन्हा हाक. बायको म्हणाली, "मालूम नहीं, यहीं तो थे." तिसरी हाक. सगळ्या झोपड्यांच्या दारात माणसं येऊन उभी राहिली, कुणी हलेना. माझा हात काखेत गेला होता. तात्या बांबू धरून तसेच उभे. उत्तर येईपर्यंत पुढे जायचं नाही, हा त्यांचा नवा रिवाज. इतक्यात नाल्याच्या बाजूनं कुणीतरी धोतर सावरत, हातातला लोटा उंच धरून धावत येताना दिसलं.

"आया! चोपदारसाहेब, आया! हाजिर हूँ!"

"कुठे होतास?" तात्या गरजले.

रामदीननं लोटा दाखवला. "सरकार, इसमें भी इजाज़त लगेगी?"

पहिल्यांदा सरदारसाहेब हसले, लांब टोकाला. मग सगळा माळ हसायला लागला. बायका पदर तोंडाला लावून, पोरं उड्या मारत, डॉक्टर तंबूच्या दोऱ्यांना धरून. हसता हसता काही जण रडले. त्या संध्याकाळी लोकांनी चुली थोड्या जवळ ओढल्या. हुकमाचं अंतर राखून, पण जवळ.

मी मागे वळून आत पाहिलं. आई कोपऱ्यात तशीच होती.

आणि तेव्हा माझ्या लक्षात आलं, की रोजच्या रोज सगळ्या झोपड्या पुकारल्या जात होत्या, एक सोडून. चोपदार स्वतःच्या घराची ललकारी देत नाही. ती आत्मस्तुती होते, रिवाजात बसत नाही. शिवाय नवऱ्यानं चारचौघांत बायकोचं नाव घ्यायचं नसतं. तात्यांनी ते घेतलं असेल तर लग्नातल्या उखाण्यात, आणि तेव्हाही पाठ करून. म्हणून आमच्या दारात ते मुकाट्यानं आत येत, पगडी उतरवत, आणि जमादार जुन्या पद्धतीनं विचारी, "कितने?" मी म्हणे, "तीन." तिसरी कोण, ते त्या आकड्यातून कळत नसे. तिलाही कळत नसे.

मी तात्यांना हे सांगितलं. ते म्हणाले, "घरच्या घरी काय पुकारायचं?" आणि पेजेची वाटी तिच्यासमोर ठेवली. तिनं ती पाहिलीसुद्धा नाही. तिच्या बांगड्या कोपरापर्यंत सरकायला लागल्या होत्या.

पुढे तंबूतून हुकूम निघाला. लोक आजाऱ्यांच्या वतीनं "हाजिर" म्हणू लागले होते, म्हणून ज्यानं त्यानं स्वतः ओ द्यायची. जो देणार नाही त्याला सकाळी तंबूत हलवायचं, ताप असो वा नसो. आजारी नसलेल्या माणसाला तंबूत ठेवलं तर तो आजारी होऊनच बाहेर निघतो, किंवा निघत नाही, हे सगळ्यांना ठाऊक होतं. आईनं तर काकूंना त्या तंबूत जाताना पाहिलं होतं. तिला तिथे नेलं असतं तर डॉक्टर म्हणाले ते खरं झालं असतं. रोगाची गरज पडली नसती.

त्या संध्याकाळी सगळ्या झोपड्या झाल्या आणि जमादार आमच्या दारात उभा राहिला. "कितने?"

"तीन," मी म्हटलं.

"मास्टरजी, माताजी खुद बोलेंगी. हुकुम है."

"ती आजारी नाहीये."

"तो बोल दें ना. एक बार बोल दें, बस." त्यालाही ते नको होतं, चेहऱ्यावरून कळत होतं.

मी आत जाऊन तिच्यासमोर बसलो. "आई, नुसतं हो म्हण." ती माझ्याकडे पाहत होती, पण पाहणं माझ्यापर्यंत पोचत नव्हतं. तात्या माझ्यामागे वाकून म्हणाले, "अगं. अगं, ऐकतेस का?" काही नाही. जमादारानं खाकरून तंबूकडे पाहिलं. तिथे डोलीवाले बिडी ओढत बसले होते.

मला तेव्हा जे वाटलं ते अजून वाटतं, म्हणून लिहितो. मनात विचार आला तो असा मूर्खपणाचा, की उद्या या वेळी मी "दोन" म्हणेन.

तात्या उठले. दाराबाहेर गेले. आम्हाला वाटलं जमादाराची विनवणी करतील. त्यांनी पगडी सरळ केली. अंगरख्याचे बंद एकेक करून नीट केले. स्वतःच्याच झोपडीकडे तोंड करून उभे राहिले आणि बांबू जमिनीवर आपटला.

"निगाह रखो!" आवाज निघाला तो दरबारातला, पूर्ण. "लष्करच्या चोपदारांच्या घरच्या, सौभाग्यवती सगुणाबाई!"

आजूबाजूला कुजबूज झाली. चोपदारसाहेबांनी बायकोचं नाव घेतलं. आतून काही नाही. ते नाव तिलाही फारसं ओळखीचं नसावं. लग्नात मिळालं होतं आणि पेटीत ठेवून दिलेल्या शालूसारखं तसंच राहिलं होतं.

तात्यांनी डोळे मिटले. मग पुन्हा बांबू आपटला, आणि यावेळी आवाज मधेच फुटला. इतक्या वर्षांत दरबारात कधी फुटला नव्हता.

"निगाह रखो! मुरारच्या बजाबा निशाणदारांची लेक... चंपा! चंपा हाजिर आहे का?"

पलीकडे कुठेतरी पोर रडायला लागलं आणि त्याच्या आईनं त्याचं तोंड दाबलं. मी आईकडे पाहत होतो. आधी तिचे ओठ हलले, आवाजाशिवाय. मग तिनं भिंतीला हात लावून तोंड दाराकडे वळवलं, काकू आल्या असाव्यात तसं. दारात काकू नव्हत्या. लाल अंगरख्यातला तिचा नवरा होता, आणि त्याचं तोंड रडण्यानं वेडंवाकडं झालं होतं.

"आहे," ती म्हणाली. घसा सुकलेला होता, मलाच कसंबसं ऐकू आलं. "आहे ना इथं." मग जरा मोठ्यानं, "गावभर काय पुकारताय? लोक काय म्हणतील?"

"हाजिरी हो गई!" पलीकडून रामदीन ओरडला. "हमने सुनी, जमादारजी! सबने सुनी!"

"ऐकलं, ऐकलं!" टोकाकडून सरदारसाहेब. त्यांच्यापर्यंत ते ऐकू जाणं शक्यच नव्हतं.

जमादारानं काठी काखेत मारली, डोलीवाल्यांना हातानं 'नको' केलं आणि निघून गेला. आईनं थोड्या वेळानं विचारलं, "ती पेज आहे का अजून?" चूल पेटवताना मी निम्मी सांडली. रामदीननं द्रोणात तूप पाठवलं, अंतर राखून, काठीच्या टोकाला बांधून.

इथे गोष्ट संपवली तर ती छान दिसेल, पण खोटी होईल. आईची भीती त्या संध्याकाळी गेली नाही. ती कितीतरी दिवस राखेनं हात घासत राहिली. कधी दोन घास खाऊन वाटी सरकवायची. मीही पुस्तकाआड काख चाचपत राहिलो. माणसं जात राहिली आणि त्यांची नावं तात्यांच्या ललकारीतून गळत राहिली. गळलेल्या नावाच्या जागी ते क्षणभर थांबत आणि मग पुढचं घेत. तो थांबा आम्हाला सगळ्यांना कळत असे. फरक एवढाच पडला, की त्यानंतर रोज संध्याकाळी आई पदर नीट करून दाराशी येऊन बसायला लागली. तात्यांचा घसा बसला त्या दिवशी ते तिला न पुकारता आत आले, तर म्हणाली, "माझं राहिलं."

साथ ओसरली तेव्हा परतणाऱ्यांसाठी रस्त्यावर कमान उभारली होती आणि बँड होता. प्लेगवर दरबारानं मिळवलेल्या विजयाविषयी भाषण झालं. आम्ही कमानीखालून गेलो, घराचं कुलूप उघडलं. समई कोरडी पडलेली, वात जळून काळी. काकूंची तुळस वाळून काडी झालेली. आई सगळ्या खोल्यांतून फिरली, समई उचलून पदराखाली घेतली आणि परत अंगणात येऊन उभी राहिली.

"मला नाही राहायचं इथे."

"का?" तात्यांनी विचारलं.

"इथे आले की मी पुन्हा 'अगं' होईन. तिकडे निदान कुणी विचारतं तरी, आहेस का म्हणून."

मला वाटलं तात्या चिडतील. पण किताब काढून घेतला की माणसाचं काय होतं, हे चोपदाराला कुणी सांगावं लागत नाही. ते छडीसारखे ताठ उभे राहिले आणि म्हणाले, "जातं तरी घे."

आम्ही माळावरच दोन खोल्या बांधल्या, मातीच्या, जिथे झोपडी होती तिथेच. मग रामदीन आला, मग आणखी काही. तात्या रोज तिथून चालत दरबारात जात, मोठमोठ्या लोकांना पुकारत, आणि संध्याकाळी येऊन दारात एका बाईला. लष्करातले नातेवाईक हसायचे. तुमच्यापैकीही काहीजण हसले होते, मला आठवतं. मी मनावर घेतलं नाही.

आता तात्या नाहीत. संस्थानं राहणार की जाणार यावर वर्तमानपत्रं रोज लिहितात. छड्या आणि पगड्या बहुधा कोठीतच राहतील, आणि त्याचं मला फार दुःख नाही. पुण्याहून तुम्ही विचारता, ग्वाल्हेरच्या घराचं काय केलं. लष्करातलं घर भाड्यानं दिलं आहे. इंदूरहून विचारता, आता तुमचं गाव कुठलं, दक्षिणेतलं की इथलं. मला ठाऊक नाही. तलवार घेऊन आलेले ते पूर्वज कुठल्या गावाहून निघाले, हे आमच्यात कुणालाच नक्की सांगता येत नाही.

मी शाळेतून परततो तेव्हा दिवेलागण झालेली असते. आई म्हातारी झाली आहे, ऐकायला कमी येतं. मी फाटकातूनच हाक मारतो. बांबू नाही, अंगरखा नाही, आवाजही मास्तराचाच. "मुरारची चंपा, हाजिर आहे का?" शेजारची नवीन सूनबाई पहिल्यांदा ऐकून घाबरली होती.

उत्तर लगेच येत नाही. हाक तिच्यापर्यंत पोचायला वेळ लागतो. तेवढ्या वेळात मी फाटकाला धरून उभा असतो, आणि ती झोपडी, तो जमादार, ते बिडी ओढणारे डोलीवाले, सगळे तिथेच माझ्याबरोबर उभे असतात. तोच मूर्खपणाचा विचार पुन्हा येतो. इतक्या वर्षांत त्याची सवय झालेली नाही.

मग आतून समईचा उजेड जरा हलतो आणि ती वैतागून म्हणते, "आहे रे, आहे. पाय धुऊन ये."

आणि मी घरात जातो.